प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यातील शिक्षेच्या तरतुदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पाळीव प्राण्यांना क्रूरपणे वागविणाऱ्या व्यक्तीस कठोर शिक्षा व्हावी, ही मागणी अलीकडच्या काळात वारंवार पुढे येत आहे. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमातील पन्नास रुपयांच्या दंडाकडे या संदर्भात सर्वांचे लक्ष वेधले जाते. परंतु ही रक्कम 1960 मध्ये प्रथम ठरली नव्हती, तिची मुळे वसाहतकालीन कायद्यात आहेत. प्रस्तुत लेखात शिक्षेच्या या तरतुदींचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
इंग्लंडमध्ये 1822 साली गुराढोरांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भारतात 1861 मध्ये कलकत्ता येथे व 1874 मध्ये मुंबई येथे प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाल्या. मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. या चळवळीसमोर प्रामुख्याने ओझ्याखाली दबलेला बैल व गाडीचा घोडा होता. घरातील कुत्र्यामांजरांचा विचार दुय्यम राहिला.

1860 च्या भारतीय दंड संहितेत प्राण्यास ठार मारणे किंवा अपंग करणे हा गुन्हा 'आगळीक' या प्रकरणात, म्हणजेच मालमत्तेच्या नुकसानीत समाविष्ट होता. कलम 428 साठी प्राण्याची किंमत किमान दहा रुपये असणे आवश्यक होते. कलम 429 मध्ये हत्ती, घोडा, गाय, बैल इत्यादींखेरीज अन्य प्राण्यांसाठी ही मर्यादा पन्नास रुपये होती. कायद्याच्या दृष्टीने वेदनेपेक्षा बाजारभाव महत्त्वाचा होता. ज्या कुत्र्याला बाजारात मोल नव्हते, त्याला या कलमांचे संरक्षण मिळणे अवघड होते.

1890 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने माणसाळलेल्या व पकडलेल्या प्राण्यांना संरक्षण दिले. स्वातंत्र्यपूर्व काळातील दुरुस्तीनंतर या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कारावास अशी शिक्षा होती.

1960 चा अधिनियम :
1952 मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खाजगी विधेयक मांडले. पंतप्रधान पंडित नेहरूंच्या आश्वासनानंतर ते मागे घेण्यात आले व शासनाने समिती नेमली. त्यातून 1960 चा अधिनियम साकार झाला. 1962 मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन होऊन रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

या अधिनियमाची व्याप्ती मोठी होती. कुत्र्यास सतत साखळीने बांधून ठेवून फिरण्याची संधी न देणे, तसेच प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्यास सोडून देणे, हेही कलम 11 नुसार गुन्हे ठरले. शिक्षेच्या बाबतीत मात्र कायदा मागे सरकला. पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा पन्नास रुपयेच राहिली आणि कारावासाचा पर्याय वगळला गेला. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा केल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. 1982 च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम घातली, परंतु ती केवळ दहा व पंचवीस रुपये होती. स्वतंत्र भारताने गुन्ह्यांची यादी विस्तारली, पण शिक्षेचा धाक कमी केला, असा याचा अर्थ होतो.

याशिवाय दोन अडचणी होत्या. मारहाणीसारखे नेहमीचे गुन्हे अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नसे. तसेच गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नसे.

अलीकडील घडामोडी :
7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्याच्या निकालात या शिक्षा अपुऱ्या असल्याचे नमूद करून संसदेने योग्य दुरुस्ती करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात अघोरी क्रौर्याची स्वतंत्र व्याख्या व कारावासाची शिक्षा प्रस्तावित होती. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हाही तो मसुदा कायद्यात उतरलेला नव्हता. मात्र या संहितेच्या कलम 325 ने प्राण्याच्या किमतीची अट काढून टाकली. कोणत्याही प्राण्यास ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. तरीही हे कलम 'आगळीक' या वर्गातच राहिले.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शिक्षेच्या सौम्यतेचे मूळ प्राण्याला मालमत्ता मानणाऱ्या दृष्टीत आहे. कलम 325 चे संरक्षण मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यावर मिळते. उपाशी ठेवलेला, रोज मार खाणारा प्राणी मात्र 1960 च्या तरतुदींवरच अवलंबून राहतो. म्हणून केवळ दंडाची रक्कम वाढविणे पुरेसे नाही. असे गुन्हे दखलपात्र करणे व खटल्याची मुदत वाढविणे हेही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा वाढीव शिक्षा कायद्याच्या पुस्तकातच राहील.