ध्वनीची घडी

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे, यासाठी ही सोय. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना काही हरवू नये, ही काळजी आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे.

मला ती उशिरा कळली. २००१ साली एका संग्राहकांनी विश्वासाने नाट्यसंगीताच्या चाळीस तबकड्या आठवडाभर दिल्या. मी त्या वेव्ह फाइलींत उतरवल्या. हार्डडिस्क भरत आली, म्हणून सगळ्यांच्या एमपी-थ्री करून मूळ फाइली पुसून टाकल्या. पुढे ते गृहस्थ गेले आणि संग्रह विखुरला.

एमपी-थ्री जागा वाचवते ती कानाची मर्यादा ओळखून. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज ती टाकून देते. जुन्या तबकडीत सुईची खरखर मोठी. तिच्याखालचे सारंगीचे बारीक काम बिनकामाचे ठरते. नंतर खरखर काढायला गेलो, तर खाली पाण्यात बुडाल्यासारखा डळमळता आवाज तेवढा उरला होता.

गंमत अशी, की त्याच २००१ च्या जुलैत जॉश कोलसन यांनी फ्लॅकची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली. तिची युक्ती निराळी. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. आधीच्या नमुन्यांवरून फ्लॅक पुढच्याचा अंदाज बांधते आणि अंदाज किती चुकला एवढेच लिहून ठेवते. या लहान चुका थोडक्यात लिहिण्याची रीत रॉबर्ट राइस यांनी १९७१ च्या सुमारास अंतराळयानांच्या चित्रांसाठी शोधली होती. उघडताना अंदाजात चूक मिळवली, की मूळ आकडा जसाच्या तसा मिळतो. फाइल मात्र बहुधा निम्म्याच्या आसपास येते. नीट घडी घातलेली पैठणी उलगडावी, तसे हे. एमपी-थ्री म्हणजे काठ कापून बसवलेले कापड.

म्हणून रूपांतराचा नियम सोपा आहे. वेव्हचे फ्लॅक, फ्लॅकचे ॲपल लॉसलेस, पुन्हा वेव्ह, कितीही वेळा करावे. फक्त नमुन्यांची संख्या आणि बिट बदलू नयेत. फोनवर ऐकण्यासाठी फ्लॅकवरून एमपी-थ्री जरूर करावी, पण मूळ राखून. एमपी-थ्रीचे फ्लॅक मात्र करू नये: फाइल फुगते, गेलेले परत येत नाही, आणि पुढचा अभ्यासक तिलाच अस्सल समजून फसतो.

माझ्या त्या ऐंशी फाइली मी तशाच ठेवल्या आहेत. गौहर जान शेवटी नाव सांगत. मी प्रत्येक फाइलीच्या नावाअखेर लिहिले आहे, ‘मूळ नष्ट. ही उणी प्रत.’