बँजो पार्टी : गायक नसलेला आपला रॉक बँड

वरातीत गायक नसला, तरी सगळे गाणं म्हणत नाचतात. कारण चाल बँजो वाजवतो. हा अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा हा भारतीय अवतार, म्हणजेच बुलबुल तरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, की आवाज इलेक्ट्रिक गिटारसारखा धारदार होतो. रवी जाधव यांचा २०१६ चा 'बँजो' सिनेमा याच कलाकारांवर आहे.

मेहरूण असो की लालबाग, सूट मिळालेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. नवरदेव उशिरा निघाला, तर बँजोवाल्याला वाजवायला वेळच उरत नाही.