बाहेरकाठा कोणाचा?

अलिबाग-पेण पट्ट्यातील खारभूमीचा इतिहास आपण बहुधा खोत आणि कूळ यांच्या संघर्षाचा इतिहास म्हणून वाचतो. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा चरीचा संप (१९३३–३९), डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलेले खोतीविरोधी विधेयक, या खुणा परिचयाच्या आहेत. ज्या मातीच्या बांधावर ही सारी शेती उभी होती, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

खाडीचे पाणी अडवणारा तो 'बाहेरकाठा'. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी ती 'उघाडी'. बांधाला एके ठिकाणी 'खांड' पडली की खारे पाणी साऱ्यांच्या भातशेतीत शिरते. म्हणून हा बांध कधी एकट्याचा असूच शकत नाही. शिलोत्री पद्धतीत पदरचे भांडवल घालून बांध उभारणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळे आणि बाहेरकाठ्याची दुरुस्ती त्याच्याकडे असे. त्यापोटी कुळाकडून खंडाव्यतिरिक्त जे भात घेतले जाई, त्याला 'शिलोत्री मण' म्हणत. हे नाव मोठे बोलके आहे. दुरुस्ती मालकाची, पण तिचा खर्च कुळाच्या खळ्यावरून जाई. शिवाय श्रम गावाचेच. मिळून बांध राखण्याच्या रीतीला 'जोळ' हा शब्द होता.

१९४८ साली मुंबई सरकारने दोन कायदे केले: एक कूळकायदा, दुसरा खारजमिनींचा. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कूळ जमिनीचे मालक ठरले. खोत गेला, तशी बांधाची पारंपरिक जबाबदारीही गेली. शेताचे तुकडे वाटता आले, बाहेरकाठा कसा वाटणार? १९४८ च्या कायद्याने खारजमीन मंडळ नेमले होते आणि खर्चाचा काही भाग जमीनधारकांवर ठेवला होता. १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने योजनांचे काम शासनाकडे आले. पण कोणत्या योजना? सरकारी यादीत ज्याचे नाव, तो बांध शासनाचा, उरलेले 'खाजगी'. समुद्राला हा भेद ठाऊक नाही. गोव्यात कूळकायद्यानंतर खाजणांचे बांध आणि 'मानस' यांची जबाबदारी कूळसंघांकडे गेली. तेथे निदान वारस कोण, हे तरी कायद्याने सांगितले होते.

दिरंगाईची किंमत आता वाढली आहे. उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण मिळाले, तेही आवश्यकच होते. पण खांड वेळेवर बुजली नाही की शेतातच कांदळवन उगवते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो आणि जुन्या जागी बांध घालायलाही त्याला परवानगी मागावी लागते.