जामखेडची शेतकरी व महिला मंडळे

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी जामखेड तालुक्यात १९७० नंतर उभ्या राहिलेल्या गावसंघटना. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट सुरू केला. ही मंडळे त्याच कामातून निघाली. जामखेडचे नाव निघाले की दवाखान्याची आणि डॉक्टरांची आठवण होते. गावात मात्र आरोग्य आणले ते मंडळांनी.

आधी शेतकरी मंडळे झाली. डॉक्टर औषधपाण्याचे बोलत, गावकरी मात्र पिण्याचे पाणी आणि पोटाला अन्न मागत, आणि १९७२ च्या दुष्काळात तर दुसरा विषयच नव्हता. म्हणून सुरुवात विहिरी, हातपंप आणि मुलांच्या आहारापासून झाली. हातपंप बसवताना ते दलित वस्तीत यावेत असे पाहिले गेले. ज्यांना गावच्या विहिरीवर घागर लावू देत नसत, त्यांच्याच दारी आता साऱ्या गावाला पाण्यासाठी यावे लागले. स्वच्छ पाण्याने पोटाचे विकार कमी होतात, हे पुस्तकातही सापडते. पण पंपाच्या दांड्यावर वेगवेगळ्या जातींचे हात पडू लागले, तेव्हाच मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी एका सतरंजीवर बसण्याची वाट मोकळी झाली.

गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा पहिला प्रयोग फसला. परगावची तरुण मुलगी गावात एकटी राहायला धजत नसे आणि बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत नसत. मग गावांनाच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडायला सांगितले. निवडलेल्यांत बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र जेवत, मुक्काम करीत, शिकत आणि गावी परतून शिकवीत. बाळंतपण, मुलांची वजने, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षय आणि कुष्ठरोग असा त्यांच्या कामाचा पसारा होता.

या बाईला नंतर उभ्या राहिलेल्या महिला मंडळाचे पाठबळ का लागे, ते जुलाबाच्या उदाहरणावरून कळते. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडायचे, अशी घराघरात रीत होती. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले, रडले तरी डोळ्यांत पाणी नाही, अशा लेकराला वाटीभर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर विरघळवून ते चमच्याचमच्याने पाजायचे, हाच पहिला उपाय असतो. पण सून तयार असली तरी सासू अडवी. आरोग्यसेविका एकटी गेली तर तिचे कोण ऐकणार? महिला मंडळातल्या चार जणी ओट्यावर येऊन बसल्या, त्यांतल्या एकीने आपले पोर याच पाण्याने वाचल्याचे सांगितले, की वाटी हलत असे. बचत, छोटी कर्जे, दारू आणि हुंड्यावरची चर्चा ही मंडळाची इतर कामे वरवर आरोग्याची दिसत नाहीत. पण ज्या बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे असतात, ती आजारी लेकराला घेऊन कोणाची परवानगी न मागता निघू शकते.

१९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. पुढल्या दोन दशकांत हे प्रमाण झपाट्याने उतरले. या गावांची शेजारच्या गावांशी तुलना करणारा एक अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये आला. पहिला महिना ओलांडलेल्या बालकांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला; पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही. जामखेडबद्दल आदर असणाऱ्याने ही मर्यादाही सांगायलाच हवी. नवजात बाळाला लागणारी काळजी वेगळी असते. ती घरीच कशी घ्यायची, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले. तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

जामखेडचा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात आला. तीन वर्षांनी अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मंजूर झाला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडची गणना होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून गावोगावी ‘आशा’ आरोग्यसेविका नेमल्या, त्यांच्या मुळाशी जामखेडसारखे प्रयोग आहेत. सरकारने त्यांतली बाई उचलली, पण तिच्यामागचे मंडळ तेवढ्या आस्थेने उचलले नाही. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या कागदोपत्री आहेत; पण सासूपुढे आशाताईसोबत ओट्यावर बसायला येणाऱ्या त्या चार जणी कोणत्याही शासननिर्णयाने नेमता येत नाहीत.