सोयीमागून आलेले शास्त्र

मनुष्य आधी विचार ठरवितो आणि मग त्यास अनुसरून वागतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असली, तरी मुंबईच्या छापखान्यांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास चाळला म्हणजे हा क्रम पुष्कळदा उलटाच असतो, असे दिसून येते.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मुद्रणाची विद्या संपादन केलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभारून 1831 साली मराठी पंचांग छापले, तेव्हा पंचांग ही जोशीबुवांनी बोरूने लिहून काढावयाची वस्तू होती. छापलेल्या कागदाविषयी सनातन्यांच्या मनात दुहेरी किंतु होता: छापखाना पडला पाद्र्यांचा, आणि शाईत चरबी असण्याचा संशय. अशी पोथी सोवळ्यात हाती घ्यावी कशी? गणपत कृष्णाजींनी यावर वाद न घालता तुपात शाई खलविली. शिळेवर छापलेल्या अशा पोथ्यांची पाने जुन्या वळणाप्रमाणेच सुटी, आडवी लांबट असत आणि अक्षर थेट लेखकाच्या हातचे वाटावे असे असे. त्यामुळे देवघरातील रुमालात ती बिनहरकत बांधली जाऊ लागली.

वस्तुतः घराघराला तिथिवार हवे होते आणि छापील पंचांग स्वस्त पडत होते. तुपाच्या शाईने पुरविली ती केवळ सबब. हे अनुमान खरे कशावरून? तर 1869 साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील खिळ्यांवर छापलेले संस्कृत ग्रंथ शास्त्रीमंडळी प्रमाण म्हणून वापरू लागली, तोवर शाईची चौकशी करण्याची आवश्यकता कोणासच भासेनाशी झाली होती. ज्या मुद्रणाने ग्रंथ विटाळतो म्हणत, त्याच मुद्रणाने तो वाचतो, अशी मखलाशी आता रूढ झाली. आणि आपण कधी काळी निराळे बोललो होतो, याचे स्मरण कोणी ठेवले नाही.

परंतु छापील ग्रंथ असे रुळलेल्या पुण्यातच, ऑक्टोबर 1890 मध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला आणि उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन चौकशी झाली. उपस्थितांपैकी न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले, तर टिळकांनी आपले प्रायश्चित्त काशीस झाल्याचे सांगितले. पंचांगावाचून कोणाचे अडत होते, मिशनच्या चहावाचून कोणाचेच अडत नव्हते. शिवाय त्या चहाच्या निमित्ताने सुधारकांस खाली पाहावयास लावता येत होते.

शास्त्र एका ठिकाणी लवचिक आणि दुसऱ्या ठिकाणी ताठर का झाले, याचे उत्तर म्हणून शास्त्रात शोधू नये. एखाद्या रूढीचे समर्थन कानी पडले, की त्यातील युक्तिवाद तपासण्याआधी त्या रूढीने कोणाची सोय होते, याची रुजुवात वाचकांनी अवश्य घालावी.