कोरा रकाना आणि शून्य



कामगारांच्या सभेत बोलण्याची आम्हांस सवय आहे. संगणकाच्या इतिहासावर बोलण्यासाठी लागणारी पदवी मात्र आमच्यापाशी नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर पुस्तके वाचून आणि तरुण इंजिनियरांना प्रश्न विचारून झाले. तरीही हा विषय घेतला, कारण तो पगाराच्या पावतीतून आमच्या दाराशी आला.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात रात्रपाळीला हजेरीचे यंत्र बंद पडले. सुपरवायझरने कागदावर हजेरी घेतली, पण यंत्रातले त्या रात्रीचे रकाने कोरेच राहिले. महिनाअखेर पगाराच्या प्रोग्रामने कोरा रकाना म्हणजे शून्य असे धरले आणि कंत्राटी कामगारांची एका रात्रीची मजुरी कापली गेली. "संगणक शून्य दाखवतो," असे उत्तर मिळाले. आम्ही म्हणालो, "साहेब, शून्य म्हणजे माणूस आला नाही; कोरे म्हणजे तुम्हांला ठाऊक नाही." कागदी हजेरी पुढे ठेवली, तेव्हा मजुरी मिळाली. कोऱ्या रकान्याचे काय करावे हे यंत्राला कोण शिकवतो, हा प्रश्न मात्र मनात राहिला.

संगणकाच्या स्मृतीतील नाव दिलेल्या रकान्याला व्हेरिएबल म्हणतात, आणि माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याला कंपायलर. वस्तुतः स्मृती कोरी कधीच नसते. पहिल्या पाळीने फळ्यावर लिहिलेला उत्पादनाचा आकडा कोणी पुसला नाही, तर दुसरी पाळी तोच आपला समजते. तसेच येथे घडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राची मुख्य स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत तोच रकाना पुन्हा पुन्हा वापरावा लागे.

१९५७ साली आय.बी.एम.ची फोर्ट्रान भाषा आली. आरंभी मूल्य दिले नाही तर रकान्यात काय असेल, याची हमी तिने दिली नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९६५ साली विद्यार्थ्यांसाठी वॉटफॉर हा कंपायलर केला. मूल्य न दिलेला रकाना कोणी वाचला, की तो चूक दाखवी. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिने कायमच्या रकान्यांत शून्य भरले, परंतु फंक्शनपुरत्या तात्पुरत्या रकान्यांत मागचा केर तसाच ठेवला. कारण दर वेळी पुसण्यात वेळ जातो. तात्पुरत्यांच्या वाट्याला हमी नाही, हा न्याय आमच्या पट्ट्यात कोणास नवा वाटणार नाही! १९९५ च्या जावाने तिसरा मार्ग धरला: तात्पुरत्या रकान्यात मूल्य निश्चितपणे भरल्याचे दिसत नसेल, तर कंपायलर प्रोग्राम स्वीकारतच नाही. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने सर्वच रकाने शून्यवत् भरून ठेवले.

हा प्रश्न आपल्या गावचा कसा, असे कोणी विचारील. दुचाकींना लागू झालेले नियम पाहा. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. आकुर्डी आणि चाकणच्या ज्या परिसरात स्कूटर-मोटारसायकली घडल्या, तेथील गाड्यांच्या ब्रेकमध्ये आणि इंजिनात आता प्रोग्राम बसला, आणि अशा प्रोग्रामांत सी भाषेचा वापर फार मोठा आहे. केराचा आकडा चाचणीच्या वेळी योगायोगाने बरोबर निघतो आणि रस्त्यावर चुकतो. म्हणूनच तो घातक. ब्रिटनमध्ये १९९८ साली मोटारींसाठी निघालेल्या मिस्रा-सी नियमावलीचा तिसावा नियम सांगतो की, तात्पुरत्या व्हेरिएबलला वापरापूर्वी मूल्य मिळालेच पाहिजे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात गाडीतील प्रोग्राम न चालवताच तपासणारी साधने तयार झाली. असे रकाने हुडकणे हे त्यांचे एक काम. प्रोग्राममधील मूल्यांचा प्रवाह कसा तपासावा, यावर मुंबई आय.आय.टी.चे उदय खेडकर आणि अमिताभ संन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

आता या मार्गांचा निवाडा. सी म्हणते, कारागीर जाणता आहे, तो चुकणार नाही. परंतु थकलेला माणूस चुकतो, हे तिसऱ्या पाळीत काम केलेल्यास सांगावे लागत नाही. शून्य भरणे त्याहून बरे. केरापेक्षा शून्य केव्हाही सुरक्षित. मात्र शून्यही एक विधानच आहे, आणि न पाहता केलेले विधान खोटे ठरू शकते. आमच्या रात्रपाळीचे तेच झाले. म्हणून आम्हांस जावाची रीत पटते: ठाऊक नसेल तर थांबा आणि विचारा. थांबण्याने दोन मिनिटे जातात, हे खरे. त्या रात्री ती कोणी खर्च केली असती, तर मजुरी कापली गेली नसती.

तेव्हा, मंडळी, उद्या कोणी यंत्राचा आकडा दाखवून हक्क नाकारील, तर एकच विचारा: हा आकडा कोणी भरला?