राजाबाई टॉवर

अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गब्बर झालेले प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी देणगी दिली. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. पुढे 1865 मध्ये बाजार कोसळला आणि दात्याचेच दिवाळे वाजले, पण बांधकाम झाले. 1869 मध्ये पायाभरणी, 1878 मध्ये पूर्तता. वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता आराखडे इंग्लंडहून पाठवले. सुमारे 85 मीटर उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातीजमातींचे दगडी पुतळे आहेत. पगड्यांची घडण तर खास निरखण्याजोगी. 2015 मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला.